उपाशी जीभ

"सुवर्णा, बघ."

आप्पांनी उलथन्याच्या टोकावरचा खव्याचा गोळा माझ्यापुढे धरला. मी तो बोटानं उचलून जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. भट्टीवरचे दोन्ही गडी हात थांबवून उभे राहिले. आप्पा, म्हणजे माझे सासरे, उलथनं तसंच हवेत धरून उभे. दारातल्या पाटावर सासूबाई माझ्या तोंडाकडं बघत बसलेल्या. आमच्याकडं सासूला आत्ती म्हणतात.

"थोडी कमी वाटते," मी म्हणाले.

आप्पांनी डब्यातली पिठीसाखर मुठीनं घेऊन कढईत टाकली, घोटलं आणि पुन्हा गोळा पुढं केला.

"आता?"

"आता बरोबर."

ती कढई उतरली आणि दुसरी चढली. मी गोळा गिळला आणि भिंतीला टेकून उभी राहिले. बाहेर अजून नीट उजाडलंही नव्हतं आणि माझ्या पायातलं बळ गेलेलं होतं.

नदीकाठच्या देवस्थानाच्या गावात आमचं पेढ्याचं दुकान. तोडकरांचा पेढा म्हटलं की यात्रेकरू वाकडी वाट करून यायचे. आमच्या घरात साखर कधी मोजली नाही. तराजू होता, पण तो गिऱ्हाइकाला पेढे द्यायला. "मोजून साखर घालणारे कालचे. आमचं काम जिभेवर चालतं," असं आप्पा छाती पुढं काढून सांगायचे. ती जीभ घरातल्या बाईची असायची, कारण आप्पांची जीभ तंबाखूनं मारलेली आणि माझ्या नवऱ्याची, महांतेशांची, गुटख्यानं. आधी आप्पांच्या आईनं चव बघितली, मग आत्तींनी, आणि माझ्या लग्नानंतर दुसऱ्या वर्षी आत्तींनी एके दिवशी अचानक सांगितलं, "उद्यापासून सुवर्णा बघंल." का, ते कुणी विचारलं नाही. देवाच्या नैवेद्याचे पेढे तेवढे न चाखता वेगळ्या कढईत व्हायचे. त्यात साखर किती पडायची ते देवालाच ठाऊक.

चव बघणारीला नियम होते. शेवटची कढई उतरेपर्यंत पोटात दुसरं काही घालायचं नाही. चहासुद्धा नाही. भरल्या पोटी जीभ खरं सांगत नाही, असं घरात सगळे मानायचे. आणि तोंडात घेतलेलं थुंकायचं नाही. अन्न आहे, गिळायचंच. यात्रेच्या दिवसांत कढया इतक्या चढायच्या की अंगणात ऊन यायचं तेव्हा माझ्या पोटात गोडाशिवाय काही नसायचं.

मला याचा अभिमान होता, खोटं कशाला सांगू? सातवीत शाळा सुटलेली मी, माहेरी मला कुणी काही विचारलं नव्हतं. इथं माझ्या एका शब्दावर कढई उतरायची. दुकानात कुणी मोठा माणूस आला की आप्पा मला बाहेर बोलवायचे आणि म्हणायचे, "ही आमची जीभ." मी पदर सावरून उभी राहायची. माझं नाव त्यांनी सांगितलं नाही, हे तेव्हा माझ्या लक्षातही यायचं नाही.

गौरा झाल्यावर मात्र अंगातलं काहीतरी बिघडलं. शेवटची कढई उतरली की मी दोन कप गोड चहा प्यायची. मग जेवायची इच्छाच व्हायची नाही. दुपारी सगळ्यांबरोबर पेढे वळायला बसले की हात चालायचे आणि डोळे मिटायचे. थोड्या वेळानं आतून असं काही कुरतडायला लागायचं की मी कोठीत जायची आणि फुटक्या पेढ्यांचा डबा उघडायची. एक खाल्ला की दुसरा, मग तिसरा. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. दिवेलागणीला पुन्हा पाय ओढत चालणं आणि पोरीवर खेकसणं.

"आमची सुवर्णा म्हणजे दुकानाचं पहिलं गिऱ्हाईक," महांतेश हसून म्हणायचे. मीही हसायची. रडू यायचं ते नंतर.

आत्ती हसायच्या नाहीत. त्या बोलायच्याच कमी. जेवताना पहिला घास घ्यायच्या आधीच भाजीवर मीठ पेरायच्या, हिरवी मिरची काकडीसारखी कचाकचा खायच्या आणि घरातही पायात मोजे घालून हिंडायच्या. मला त्यांचा धाक वाटायचा. सकाळी भट्टीच्या दारात त्या बसायच्या ते माझ्यावर नजर ठेवायला, असंच मी धरून चालले होते.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता एक दिवस मी भट्टीशेजारी गौराला मांडीवर घेऊन बसले होते. कढईत दूध आटत होतं. गडी लाकडं आणायला मागं गेले होते. मी डोळे मिटले नव्हते, असं मी आजही शपथेवर सांगेन. पण आत्तींच्या ओरडण्यानं दचकून बघितलं तर मांडी रिकामी होती आणि त्यांनी गौराला दंडाला धरून कढईच्या काठापासून मागं ओढलेलं होतं. पोरीचा हात कढईकडं तसाच पुढं होता. ती रडलीसुद्धा नाही, तिला खेळच वाटला.

तेवढ्यात आप्पा आले, त्यांनी काय झालं ते ऐकलं आणि म्हणाले, "झोप येती तर जरा लवकर निजत जा की."

आत्ती गौराला काखेत घेऊन आत गेल्या. पण संध्याकाळी महांतेशांना म्हणाल्या, "हिला जयसिंगपूरला दाखवून आण. बाई डॉक्टर हाय तिथं."

डॉक्टर मगदूमबाई माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी रक्त तपासलं, डोळे बघितले आणि समोर बसवून विचारलं, "सकाळी उठल्यावर पहिल्यांदा पोटात काय जातं?"

"पेढा."

त्यांना वाटलं मी थट्टा करते. "आणि त्याच्यानंतर?"

"पेढाच."

मग मी सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "रक्तातली साखर वाढलेली आहे. अजून मधुमेह नाही म्हणता येणार, पण त्याच्या उंबऱ्यावर उभ्या आहात. उपाशीपोटी गोड गेलं की साखर झपकन चढते आणि तशीच खाली येते. खाली आली की गळून जायला होतं आणि शरीर पुन्हा गोड मागतं. दुपारी तुमचा हात डब्याकडं जातो ना, तो हावरटपणा नाही."

हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि मला तिथंच हुंदका फुटला. चार वर्षं मी स्वतःला हावरटच समजत होते.

"चव बघायचं काम सोडा," त्या म्हणाल्या.

"ते नाही सोडता येणार."

"मग आधी खाऊन जा. भाकरी, उसळ, दही. पोट भरलेलं असू द्या. चव बघितल्यावर थुंकून चूळ भरा."

"तेही नाही जमणार."

"का?"

"आमच्यात तसं चालत नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग काय चालतं तुमच्यात ते मला सांगा."

चव बघायचं ते काम माझ्याकडून गेलं असतं तर त्या घरात मी भांडी घासणाऱ्या बाईएवढीच उरले असते. आणि ते करत राहिले तर पुन्हा एखाद्या दिवशी मांडी रिकामी होणार, आणि त्या वेळी आत्ती तिथं असतीलच असं नाही. हे डॉक्टरांना कसं सांगायचं? मी तपासणीचा कागद घेतला आणि उठले.

बाहेर महांतेशांनी विचारलं, "काय म्हणल्या?"

"अशक्तपणा आहे म्हणाल्या."

त्यांनी काळजीनं मला समोरच्या गुऱ्हाळात नेलं आणि उसाचा रस पाजला. मोठा ग्लास. मी तो घटाघटा प्यायले आणि मगच उरलेलं सांगितलं. ते इकडं तिकडं बघत हळूच म्हणाले, "इथं बोललीस ते बोललीस. घरात बोलू नको. पेढेवाल्याच्या घरात साखरेचं दुखणं, असं गावात झालं तर आपला पेढा कोण घेईल?"

माणूस वाईट नव्हता. त्या रसातही त्यांची मायाच होती.

आणि मग मी चोरी करायला लागले. दुसऱ्या घरांत सुना गोडधोड चोरून खातात. मी पेढ्यांनी भरलेल्या घरात शिळी भाकरी चोरून खाल्ली. रात्रीची एक ज्वारीची भाकरी, वाटीभर मटकीची उसळ आणि लसणाची चटणी डब्यात घालून मी जळणाच्या खोलीत लाकडांमागं ठेवायची. पहाटे आंघोळ झाली की "लाकडं बघून येते" म्हणून आत जायची आणि अंधारात उकिडवी बसून खायची. बाहेर पाऊल वाजलं की घास तसाच गालात धरून थांबायची. चूळ भरायची, पदरानं तोंड पुसायचं आणि भट्टीवर जाऊन उपाशी असल्यासारखं उभं राहायचं.

"सुवर्णा, बघ."

पहिल्या दिवशी गोळा जिभेवर ठेवला तेव्हा वाटलं, आता सगळ्यांना कळणार. कुणाला काही कळलं नाही. मी "बरोबर" म्हणाले आणि कढई उतरली.

सुरुवातीचे दिवस वाईट गेले. दुपारी डोकं ठणकायचं आणि फुटक्या पेढ्यांचा डबा कोठीतून हाका मारायचा. दोनदा मी हरले आणि उभ्या उभ्या मूठभर खाऊन टाकले. मग शेंगदाणे आणि फुटाणे कनवटीला बांधून ठेवायला लागले. कुरतडायला लागलं की ते चावायचे. दुपारी जेवण टाळायचं नाही, नको वाटलं तरी ताटावर बसायचं. चहातली साखर एकदम नाही सुटली, पण चमचा अर्धा झाला. हळूहळू दुपारची ती आंधळी झोप मागं हटली. गौरा आणि मी घाटावर जायला लागलो. पोरगी एकदा म्हणाली, "आई, तू आज वरडली नाहीस." मला आनंद झाला आणि लाजही वाटली.

एका सकाळी मी जळणाच्या खोलीतून येऊन भट्टीपाशी उभी राहिले तेव्हा आत्तींनी पाटावरून मला जवळ बोलावलं. मी वाकले. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तोंडाला लसणाचा वास येतोय. बडीशेप खा."

त्यांनी स्वतःच्या कनवटीची बडीशेप माझ्या हातावर ठेवली आणि तोंड फिरवून बसल्या. सकाळभर माझ्या डोक्यात तेच घोळत होतं. त्यांना नुसता वास आला होता की सगळं कळलं होतं?

ते लवकरच समजलं. त्याच आठवड्यात मी लाकडांमागं बसून खात होते आणि दार उघडलं. दारात आत्ती होत्या. माझ्या हातात भाकरीचा तुकडा आणि तोंडात घास. ना गिळता येत होता, ना थुंकता. त्यांनी माझ्याकडं बघितलं, डब्याकडं बघितलं.

"पाणी घेत जा संगं," त्या म्हणाल्या. "कोरडी भाकरी घशाला लागती."

आणि त्या निघून गेल्या.

त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मला मात्र तेच जास्त जाचायला लागलं. शिव्या दिल्या असत्या तर एकदाचं मोकळं झालं असतं. आता मी त्यांच्या मुठीत होते आणि त्या मूठ उघडतही नव्हत्या, आवळतही नव्हत्या. रोज पहाटे आत्ती पाटावर आणि मी भिंतीपाशी. मला वाटायचं, आज बोलतील. नाहीतर उद्या.

त्यात आणखी एक पेच माझ्याच तोंडात तयार झाला. भाकरी खायला लागून महिना होत आला असेल. मी गोळा जिभेवर ठेवला आणि मला शिसारी आली. नुसती साखर! खव्याची चव, ती भाजल्याची खमंग चव, साखरेखाली गाडली गेली होती. मला वाटलं, आज आप्पांची मूठ मोठी पडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. साखर तेवढीच पडत होती, हे माझ्या डोळ्यांदेखत होतं.

तेव्हा मला बेलवलकर गुरुजी आठवले. आमच्या दुकानाचं हे फार जुनं गिऱ्हाईक. उन्हाळ्यात एकदा ते आप्पांना म्हणाले होते, "तोडकर, रागावू नका, पण तुमच्या पेढ्यात हल्ली पेढा सापडत नाही, साखरच लागते." आप्पा चार दिवस धुमसत होते. म्हाताऱ्याच्या तोंडाची चव गेली म्हणाले. आणि मीच तर इतकी वर्षं "थोडी कमी वाटते" म्हणत एकेक मूठ वाढवत नेली होती. रोज उपाशीपोटी साखर चाखून माझ्या जिभेला ती पुरेनाशी झाली होती. घरानं साखर कधी मोजली नाही, त्यामुळं किती चढत गेली ते कुणालाच कळलं नव्हतं.

हे बोलायचं कसं? बोलले तर पहिला प्रश्न येणार, आजच कसं कळलं? काय खाल्लंस? आणि नाही बोलले तर रोज सगळ्यांसमोर "बरोबर" म्हणत तो गोळा गिळायचा. मी गिळत राहिले. भाकरीनं अंगात बळ आलं होतं, पण तोंड उघडायचं बळ काही आलं नव्हतं.

यात्रेच्या आदल्या दिवशी सगळ्या भट्ट्या पेटलेल्या होत्या. पहिल्याच कढईला आप्पांनी गोळा पुढं केला.

"सुवर्णा, बघ."

मी चव बघितली. गौरा अंगणात मांजरामागं पळत होती, तिचा आवाज येत होता. का कोण जाणे, त्या आवाजानं मला धीर आला.

"आप्पा, गोड जास्त झालंय."

गडी माझ्याकडं बघायला लागले. आमच्या भट्टीत 'कमी' म्हणायची पद्धत होती. 'जास्त' हा शब्द मी तिथं कधी ऐकला नव्हता.

"काय म्हणलीस?"

"साखर जास्त आहे. त्यात बिनसाखरेचा खवा घालायला पाहिजे."

"अगं, कालच्याएवढीच हाय की!"

"कालपण जास्तच होती. बरेच दिवस जास्त आहे. मी बोलले नाही."

आप्पांनी उलथनं कढईच्या काठावर आपटलं. "काय खाऊन आलीस?"

आला तो प्रश्न. खोटं बोलायला जीभ उचलली, पण तीच जीभ आता पुरती थकली होती.

"भाकरी," मी म्हणाले. "रोज खाऊन येते."

"रोज?" आप्पांचा आवाज चिरकला. "यात्रा तोंडावर आली आन् तू जीभ बाटवून बसलीस? घराण्याचा पेढा हाय हा! महांतेश, घेऊन जा हिला आत. आजपासनं हिनं भट्टीत पाऊल टाकायचं न्हाई."

महांतेश दारात येऊन थांबले होते. ते आप्पांकडं बघत राहिले, मग माझ्याकडं, आणि शेवटी जमिनीकडं. मला त्यांचा राग आला आणि त्यांची कीवही आली. मी पदर खोचला आणि निघाले. मनात एवढंच होतं की आता मी या घरात कोण?

"थांब," आप्पा म्हणाले. ते मला नव्हतं, आत्तींना होतं. त्या पाटावरून उठत होत्या. "बरं झालं, तूच बघ. सांग हिला पेढा म्हंजी काय असतो."

आत्तींनी मला चव सोपवल्यापासून भट्टीतला कणही तोंडात घातला नव्हता. त्या मोजे घातलेले पाय जपून टाकत कढईपाशी आल्या. आप्पांनी गोळा पुढं केला. आत्तींनी तो जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. त्या गोळा घोळवत उभ्या राहिल्या, इतका वेळ की एक गडी खोकला तर आप्पांनी त्याच्याकडं डोळे वटारले. मग आत्तींनी तो कष्टानं गिळला.

"जास्त हाय," त्या म्हणाल्या.

"काय?"

"सुवर्णा बरोबर सांगती. साखर लई झालीया. गुरुजी काय उगंच बोलले न्हवते."

आप्पांनी उलथनं खाली घेतलं. त्यांनी विचारलं, "मग इतके दिवस तू का बोलली न्हाईस?"

"मला कोण विचारलं?"

मग आप्पांनी कोरा खवा आणवला, कढईत घातला आणि पुन्हा घोटायला लागले. गोळा पुढं करताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, पण केला तो माझ्यापुढंच. दोनदा खवा वाढवल्यावर माझ्या जिभेला भाजलेल्या दुधाची चव लागली. लग्नानंतर या घरात पहिल्यांदा खाल्लेल्या पेढ्याची चव होती ती.

"आता बरोबर," मी म्हणाले.

दुपारी सगळे वळायला बसले होते. आत्ती मागच्या पडवीत पाय सोडून एकट्याच बसल्या होत्या. मोजे काढलेले होते. तळपायाला चिंधी बांधलेली होती आणि अंगठा काळा पडला होता. मी ते पहिल्यांदाच बघितलं. मी शेजारी बसले.

"आत्ती, तुम्हाला लगेच कळलं ते. मला महिना लागला."

त्या हसल्या. मी त्यांना असं हसताना क्वचितच बघितलं असेल.

"मला काय कळतंय गं? माती खाल्ल्यागत लागलं."

"म्हणजे?"

"तुला जीभ दिली तवाच माझी गेल्याली," त्या म्हणाल्या. "साखरंचं दुखणं हाय मला. सांगलीला भावाकडं जाती म्हणून जायाची ती दवाखान्यात. आदी पाय बधिर झालं, मग तोंडाची चव गेली. मीठ हाय का न्हाई, मिरची तिखट हाय का न्हाई, कायबी कळंना. वासावर आन् रंगावर दोन वर्सं पेढा केला. मग तुला बसवलं."

"घरात कुणाला माहीत नाही?"

"पेढेवाल्याच्या घरात सांगायचं कुणाला?"

महांतेशांनी मला गुऱ्हाळात सांगितलेलंच ते वाक्य. मग मीठ आठवलं, मिरच्या आठवल्या. दारातला तो पाटही आठवला. त्या माझ्यावर नजर ठेवत होत्या हे खरंच होतं, पण माझंही त्यांच्यासारखंच होतंय का ते बघायला, हे मला आत्ता कळलं.

"मग काही लागलं नाही तर 'जास्त हाय' कसं म्हणालात?"

आत्ती चिंधीची गाठ सोडून पुन्हा बांधायला लागल्या. बांधता बांधता म्हणाल्या, "महांतेश पोटात व्हता तवा मी एकदा आमच्या सासूबाईंना म्हणले, मला घेरी येती, दोन घास खाऊन येऊ का? सगळ्यांच्या म्होरं म्हणले. कुणी वर बघितलं न्हाई. हेबी न्हाईत." त्यांनी गाठ घट्ट केली. "तू बोललीस आन् मला त्योच दिवस दिसला."

मी त्यांच्या पायावर हात ठेवला. त्यांना तो कळला नाही. त्या अंगणात खेळणाऱ्या गौराकडं बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी यात्रा. घाटावर माणसांची रीघ लागलेली, दुकानासमोर पहाटेपासून गर्दी. जळणाच्या खोलीत जायला मला वेळच मिळाला नाही. आदल्या दिवशीचा सगळा धीर रात्रीत ओसरला होता. एकदा चाललं म्हणून रोज चालेल असं थोडंच असतं? आता सणाच्या दिवशी कशाला वाद, म्हणून मी उपाशीच भट्टीपाशी जाऊन नेहमीच्या भिंतीला टेकले. महांतेश दुकानातून ओरडत होते, "आप्पा, लवकर काढा!"

पहिली कढई तयार झाली. आप्पांनी उलथन्यावर गोळा घेतला.

"सुवर्णा, बघ."

मी हात पुढं केला.

"थांबा हो," दारातून आवाज आला.

आत्ती पाटावर नव्हत्या. त्या दारात उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात ताट होतं. ताटात ज्वारीची गरम भाकरी, मटकीची उसळ, दह्याची वाटी आणि शेजारी पाण्याचा तांब्या. सगळ्या गड्यांसमोर आणि आप्पांसमोर त्या ते ताट घेऊन आत आल्या आणि त्यांनी ते आपल्या पाटावर ठेवलं.

"तिनं अजून खाल्लं न्हाई," त्या म्हणाल्या.

बाहेर महांतेश पुन्हा ओरडले. आप्पांनी एकदा आत्तींकडं बघितलं, एकदा कढईकडं. मग ते उलथनं हातात धरून तसेच उभे राहिले.

मी पाटासमोर बसले आणि भाकरी मोडली.